भावाच्या उशाशी जळणारा दिवा

ताई,

माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. लहानपणापासून अंधार पडला की तो चाचपडत चालायचा. आम्ही त्याला वेंधळा म्हणायचो, मी तर सगळ्यांत जास्त. मागच्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी रेटिनायटिस पिगमेंटोजा असं निदान केलं. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला मीच वाढवलं. शिकत असताना दोन-तीन वर्षं तो रात्रपाळी करायचा, जेवणाचा काही नेम नसायचा. परवा एका लेखात वाचलं की या आजारात डोळ्यातल्या पेशी उपासमारीने मरतात. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. मी त्याच्या खाण्यापिण्याकडे नीट लक्ष दिलं असतं तर? आता दिवसातून चार वेळा त्याला ग्लुकोजचं पाणी देते. अंधारात या पेशी जास्त ऊर्जा खर्च करतात असंही त्या लेखात होतं, म्हणून रात्रभर त्याच्या उशाशी दिवा लावून ठेवते. 'पेशींची ऊर्जा वाढवणाऱ्या' गोळ्या मागवल्या आहेत, त्या अजून सुरू केलेल्या नाहीत. तो चिडतो, म्हणतो, अगं मला झोपू दे. गेले पंधरा दिवस धड बोलत नाही. मी चुकते आहे का? आणि जे वाचलं ते खोटं आहे का?

एक मोठी बहीण

*

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. तुम्ही वाचलं ते खोटं नाही. या आजारात काही पेशी ऊर्जेवाचून मरतात, याचे चांगले पुरावे आहेत. पण ती उपासमार ताटातून सुरू झालेली नाही. तुमच्या भावाने जेवणं चुकवली म्हणून त्याला हा आजार झाला नाही, आणि तुम्ही मागे लागून त्याला वेळच्या वेळी जेवायला लावलं असतं तरी तो टळला नसता. रेटिनायटिस पिगमेंटोजा जनुकातल्या दोषामुळे होतो. साधारण ४,००० माणसांत एकाला तो असतो, आणि त्याच्या मुळाशी ८० हून जास्त जनुकांपैकी कुठल्या तरी जनुकातला बिघाड सापडतो. भाऊ लहानपणापासून अंधारात चाचपडायचा, हे तुम्हीच लिहिलं आहे. रात्रपाळी त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. ही गोष्ट मुद्दाम सगळ्यांत वर ठेवते आहे, कारण मला वाटतं तुम्ही पत्र तिच्यासाठीच लिहिलंत. ग्लुकोज आणि दिवा त्या अपराधी भावनेतूनच आले आहेत.

मी डॉक्टर नाही. दृष्टिपटलाच्या, म्हणजे रेटिनाच्या पेशींबद्दल शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यामुळे ही उपासमार नेमकी कसली, ते सविस्तर सांगते. अर्धवट कळल्यामुळेच तुमची झोप उडाली आहे.

दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी मुख्यतः दोन जातींच्या असतात. दंडपेशी मंद उजेडात काम करतात. माणसाच्या एका डोळ्यात त्या ९ कोटींच्या वर असतात. शंकुपेशी दिवसाउजेडीचं, रंगांचं आणि वाचनाचं काम बघतात, आणि त्या फक्त ५० लाखांच्या आसपास असतात. वीस पेशी घेतल्या तर त्यांत जेमतेम एक शंकुपेशी. तरी आपण अक्षरं वाचतो, माणसाचा चेहरा ओळखतो, ते त्या विसातल्या एकीच्या जिवावर.

या पेशींचा ऊर्जेचा खर्च प्रचंड असतो, आणि दंडपेशींची तर तऱ्हाच उलटी. प्रकाश पडला की पेशी कामाला लागत असेल आणि अंधारात विसावत असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात अंधारात दंडपेशीच्या टोकाकडची सूक्ष्म दारं उघडी असतात आणि त्यांतून सोडियम-कॅल्शियमचे कण सतत आत येत राहतात, होडीत पाणी शिरत राहावं तसे. ते उपसून बाहेर टाकणारे पंप अखंड चालू ठेवावे लागतात. प्रकाश पडला की दारं मिटतात, आणि हे मिटणं म्हणजेच मेंदूकडे जाणारा निरोप. पेशी ऊर्जा खर्च करते ती एटीपी नावाच्या रेणूच्या रूपात. सस्तन प्राण्यांची एकेक दंडपेशी अंधारात दर सेकंदाला १० कोटींच्या घरात एटीपीचे रेणू खर्च करते आणि लख्ख उजेडात हा खर्च तीन चतुर्थांशाहून जास्त घटतो, असा हिशेब २००८ मध्ये मांडला गेला. तुमच्या लेखातली अंधाराची गोष्ट इथली आहे. दिव्याकडे मी पुढे येते.

दुसरा खर्च बांधकामाचा. दंडपेशीच्या टोकाला प्रकाश टिपणाऱ्या चकत्यांची चळत असते, नाणी रचून ठेवावीत तशी. रोज या चळतीचा साधारण दहावा हिस्सा टोकाकडून झडतो आणि तळाशी तेवढाच नवा तयार होतो. रिचर्ड यंग यांनी १९६० च्या दशकात किरणोत्सारी अमिनो आम्लांच्या साहाय्याने नव्या प्रथिनांवर खूण केली आणि ती खूण दिवसागणिक तळातून टोकाकडे सरकताना दाखवली. सुमारे दहा दिवसांत सगळी चळत नवी होते. या विषयातली ही गोष्ट मला आजही सर्वांत विलक्षण वाटते. आज ज्या चकत्यांनी आपण बघतो आहोत, त्या दोन आठवड्यांपूर्वी अस्तित्वातच नव्हत्या.

एवढं बांधकाम रोज करायचं तर नुसती ऊर्जा पुरत नाही, मालही लागतो. १९२० च्या दशकात ऑटो वारबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं होतं की ऑक्सिजन हाताशी असूनही दृष्टिपटल बरंचसं ग्लुकोज पूर्ण जाळत नाही. ते अर्धवट फोडतं आणि त्याचं लॅक्टेट करून बाहेर सोडतं. कर्करोगाच्या पेशींमध्येही त्यांना हेच दिसलं होतं. या अर्धवट वाटेने ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे निव्वळ २ रेणू हाती लागतात. तोच रेणू तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांत (मायटोकॉन्ड्रियांत), पूर्ण जाळला तर ३० च्या आसपास मिळतात. ही उधळपट्टी वाटते. पण प्रकाशपेशींत तंतुकणिका दाटीवाटीने भरलेल्या असतात आणि त्याही भरपूर काम करतात, म्हणजे पेशीला ग्लुकोज पूर्ण जाळता येत नाही असं मुळीच नाही. अर्धवट फोडण्याच्या वाटेवर मधेमधे फाटे फुटतात, आणि त्या फाट्यांवरून चकत्या बांधायचा कच्चा माल मिळतो, शिवाय पेशीला ऑक्सिजनच्या माऱ्यापासून वाचवणाऱ्या रसायनांची भरपाईही होते. बाहेर सोडलेलं लॅक्टेट वाया जात नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं मर्म याच लॅक्टेटमध्ये आहे.

प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या थरात रक्तवाहिन्या नसतात. त्यांना लागणारं ग्लुकोज मुख्यतः पाठीमागच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून येतं. मध्ये रंगद्रव्यपेशींचा पदर असतो, एकाच पेशीच्या जाडीचा. तो पदर या पेशींचा शेजारीही आहे आणि दरवानही. झडलेल्या चकत्या तो रोज गिळून पचवतो. रक्तातून आलेल्या ग्लुकोजला फारसा हात न लावता ते पुढे सोडतो. त्याचं स्वतःचं भागतं ते बरंचसं दंडपेशींनी सोडलेल्या लॅक्टेटवर आणि चकत्यांतून मिळालेल्या मेदावर. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेम्स हर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ही देवाणघेवाण फार सुरेख उलगडून दाखवली. दरवानाला लॅक्टेट मिळतं, म्हणून तो ग्लुकोज वाचवून आत धाडतो, आणि आतल्या पेशी ग्लुकोज फोडून त्याला पुन्हा लॅक्टेट देतात. दोघांचं पोट एकमेकांच्या हातात आहे.

आता समजा, दंडपेशी मरू लागल्या. तुमच्या भावाच्या बाबतीत सुरुवात इथेच झाली असणार, कारण लहानपणीचा रातांधळेपणा दंडपेशींकडे बोट दाखवतो. या आजारातल्या कितीतरी प्रकारांत बिघडलेलं जनुक फक्त दंडपेशींच्या कामाचं असतं, शंकुपेशींचा त्याच्याशी काही संबंध नसतो. तरी दंडपेशी गेल्या की काही वर्षांनी शंकुपेशीही जाऊ लागतात. निरोगी जनुकं असलेल्या या पेशी का मराव्यात, हे कोडं संशोधकांना फार वर्षं छळत होतं. २००९ मध्ये क्लॉडिओ पुंझो आणि कॉन्स्टन्स सेप्को यांनी उंदरांच्या अशाच आजारांचा अभ्यास केला, तेव्हा मरायला लागलेल्या शंकुपेशींमध्ये उपासमारीच्या खुणा दिसल्या. त्या पेशी स्वतःचेच भाग पचवू लागल्या होत्या. उंदरांना इन्सुलिन दिल्यावर शंकुपेशी काही काळ जास्त टिकल्या. (हे वाचून कुणी इन्सुलिनचा विचारही मनात आणू नये. ज्याला मधुमेह नाही त्याने ते घेतलं तर रक्तातली साखर उतरून जिवावर बेतू शकतं.)

मग ग्लुकोज अडलं कुठे? २०१६ मध्ये हाच आजार असलेल्या डुकरांवरच्या अभ्यासात दिसलं की दंडपेशी नाहीशा झाल्यावर ग्लुकोज रंगद्रव्यपेशींच्या पदरातच अडकून राहतं. लॅक्टेट यायचं बंद झालं, दरवान स्वतःच भुकेला झाला, आणि त्याने आत जाणारा घास स्वतःकडे ठेवून घेतला. रक्तात ग्लुकोजची कमतरता नव्हती. संशोधकांनी दृष्टिपटलाच्या मागे थेट ग्लुकोज पोचवलं, तेव्हा निपचित पडलेल्या शंकुपेशी पुन्हा टोकाकडचा भाग बांधू लागल्या.

यात आणखी एक धागा आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. दंडपेशी एक प्रथिन तयार करून बाहेर सोडतात. ते शंकुपेशींना जगवतं, हे थिएरी लेव्हेयार आणि जोसे-अलेन साहेल यांनी पॅरिसमध्ये २००४ मध्ये दाखवलं. ते कसं जगवतं, याचं उत्तर मिळायला २०१५ साल उजाडलं. हे प्रथिन शंकुपेशीच्या पृष्ठभागावर ग्लुकोज आत घेणाऱ्या दाराशी जोडलं जातं आणि दारातून जास्त ग्लुकोज आत येतं. म्हणजे दंडपेशी गेल्या की शंकुपेशींचं दुहेरी नुकसान होतं. दरवान घास अडवतो आणि दार उघडायला मदत करणारंही कुणी उरत नाही. वर तिसरं संकट ऑक्सिजनचं. ९ कोटी दंडपेशी जो ऑक्सिजन वापरत होत्या तो आता तिथेच साचतो आणि उरलेल्या शंकुपेशींना पोळू लागतो.

रक्तातलं ग्लुकोज वाढवून यातलं काय सुधारेल? काहीच नाही. तुमच्या भावाच्या रक्तात ग्लुकोज पुरेसं आहे. रात्रपाळीच्या दिवसांतही होतं, कारण एक-दोन जेवणं चुकली तरी यकृत साठ्यातून ग्लुकोज सोडतं आणि कमी पडलं तर नव्याने बनवतं. अडचण शेवटच्या काही सूक्ष्म अंतरावर आहे, पदराच्या आणि पेशीच्या दारात. चार पेले ग्लुकोजचं पाणी म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्याचा तोटा मात्र खरा आहे. दृष्टिपटलाच्या पेशी ग्लुकोज आत घेताना इन्सुलिनच्या परवानगीसाठी थांबत नाहीत, त्यामुळे रक्तात साखर चढली की त्यांच्यावरही भार येतो. मधुमेहात दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या कशा खराब होतात हे तुम्ही ऐकलं असेलच. ज्याच्या दृष्टिपटलावर आधीच एक संकट आहे, त्याला दुसऱ्याच्या वाटेवर ढकलू नका. ग्लुकोज आजपासून बंद करा. त्याने घरात सगळे जेवतात तसं नेहमीचं, पोटभर जेवावं, आणि धूम्रपान करत असेल तर ते सोडावं.

आणखी एका प्रयोगाबद्दल सांगते, म्हणजे 'जास्त साखर' हा विचार किती अपुरा आहे ते लक्षात येईल. २०२१ मध्ये सेप्को यांच्याच प्रयोगशाळेने आजारी उंदरांच्या शंकुपेशींमध्ये एक असं जनुक वाढवलं, ज्यामुळे त्या ग्लुकोजऐवजी लॅक्टेटवर निभावू लागल्या. त्या शंकुपेशी जास्त काळ टिकल्या आणि उंदरांची नजरही. म्हणजे कधी जास्त ग्लुकोज पोचवून पेशी वाचते, तर कधी ग्लुकोजवरचं अवलंबित्व कमी करून. पेशीला ऊर्जा कुठून मिळावी, कुठल्या टप्प्यावर मिळावी, याचा तोल आहे तो. हा तोल बाहेरून पेल्याने भरता येत नाही.

आता दिवा. तुमचा तर्क चुकीचा नव्हता. तुमच्या आधी मोठ्या शास्त्रज्ञांनी तसाच विचार केला होता. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला सूज आलेल्या लोकांना रात्री झोपताना मंद प्रकाश देणारा मुखवटा घातला, तर दंडपेशींचा ऑक्सिजनचा खर्च कमी होऊन दृष्टिपटल वाचेल, अशी कल्पना होती. ब्रिटनमध्ये ३०० हून जास्त रुग्णांवर त्याची दोन वर्षांची चाचणी झाली. २०१८ मध्ये निकाल आला, फायदा दिसला नाही. ती चाचणी वेगळ्या आजाराची होती हे खरं, पण कागदावर इतकी सरळ दिसणारी कल्पना माणसाच्या डोळ्यात कशी निष्प्रभ ठरते, ते त्यातून दिसतं. तुमच्या भावाच्या आजारात तर उलटा धोकाही आहे. रोडॉप्सिन या प्रकाशग्राही प्रथिनाच्या जनुकातले काही दोष असे आहेत की प्राण्यांवरच्या प्रयोगांत जास्त प्रकाशाने पेशी लवकर मेल्या. म्हणून तर नेत्रतज्ज्ञ या रुग्णांना कडक उन्हात गडद चश्मा आणि टोपी वापरायला सांगतात. उलट टोकाचा प्रयत्नही झालेला आहे. दोन रुग्णांनी एका डोळ्यावर रोज ६ ते ८ तास अपारदर्शक लेन्स लावली, असं ५ वर्षं केलं, आणि शेवटी दोन्ही डोळ्यांत फरक आढळला नाही. रात्रभर उजेड नको आणि दिवसा अंधारकोंडीही नको. त्याला नीट झोप हवी आहे, आणि ती तो तुमच्याकडे मागतो आहे.

गोळ्यांच्या बाबतीत मी अधिक कडक बोलणार आहे. डबीवर काय काय घटक लिहिले आहेत ते तुम्ही कळवलं नाहीत, पण 'पेशींची ऊर्जा' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा एनएडी वाढवणारे पदार्थ असतात. एनएडी हा रेणू ग्लुकोज फोडण्यापासून तंतुकणिकांपर्यंत सगळीकडे लागतो. तो बनवणाऱ्या एका एन्झाइमच्या जनुकात दोष असेल तर बाळ जन्मापासूनच अंधत्वाकडे जातं, हे २०१२ मध्ये कळलं. म्हणजे एनएडीचं महत्त्व खरं आहे. पण त्यावरून 'गोळी घेतली की रेटिनायटिस पिगमेंटोजा थांबतो' असं माणसांमध्ये कुणीही दाखवलेलं नाही. त्यात एक सापळाही आहे. निकोटिनामाइड आणि निकोटिनिक आम्ल ही दोन्ही ब जीवनसत्त्वाच्या एकाच प्रकारची रूपं, नावंही सारखी. पण निकोटिनिक आम्लाच्या मोठ्या मात्रेने काही लोकांच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येते. नेमका तोच भाग तुमच्या भावाला सर्वांत जास्त जपायचा आहे.

अ जीवनसत्त्वाचा इतिहासही ऐका. १९९३ मध्ये ६०१ रुग्णांच्या अभ्यासातून असं मांडलं गेलं की रोज १५,००० युनिट अ जीवनसत्त्वाने आजार थोडा संथ होतो, आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्वाने तो कदाचित वाढतो. तीस वर्षं अनेक डॉक्टरांनी तो सल्ला दिला. २०२३ मध्ये त्याच रुग्णांची माहिती जनुकीय प्रकारांनुसार पुन्हा तपासली, तेव्हा अ जीवनसत्त्वाचा फायदा दिसला नाही. काही जनुकदोषांत, विशेषतः एबीसीए४ या जनुकाच्या, जादा अ जीवनसत्त्व घातकच ठरू शकतं. जे तीस वर्षं प्रामाणिक डॉक्टरांनी सद्हेतूने दिलं त्याचं असं झालं, तर जाहिरातीतल्या डबीवर किती भरवसा ठेवायचा? ती डबी उघडू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा.

एका साध्या रसायनाबद्दल मात्र गंभीरपणे काम चालू आहे: एन-ॲसिटिलसिस्टीन. वर सांगितलेल्या ऑक्सिजनच्या माऱ्यावर ते काम करतं. २०२० मध्ये ३० रुग्णांवरच्या छोट्या अभ्यासात आशादायक बदल दिसला, पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून २०२३ मध्ये अनेक देशांत मिळून मोठी चाचणी सुरू झाली. शंकुपेशींना जगवणाऱ्या त्या दंडपेशींच्या प्रथिनाचं जनुक डोळ्यात सोडण्याच्या मानवी चाचण्याही सुरू झाल्या आहेत. त्यातली मला आवडणारी गोष्ट अशी की कुठलं जनुक बिघडलं आहे यावर ही पद्धत फारशी अवलंबून नाही. ८० वेगवेगळ्या दोषांसाठी ८० उपचार शोधण्यापेक्षा सगळ्यांत शेवटी होणारी शंकुपेशींची उपासमार थांबवावी, असा तो विचार आहे. तुमच्या लेखातल्या 'उपासमार' या शब्दाने तुम्हाला घाबरवलं. मला त्याच शब्दात आशा दिसते. भूक लागलेली पेशी अजून जिवंत असते.

तुमच्या हातात काय आहे? सर्वांत आधी जनुकीय तपासणी, समुपदेशनासह. तुम्ही त्याच्यासाठी करू शकाल असं याहून मोठं काम मला दिसत नाही. ती केल्याशिवाय नव्या उपचारांच्या बऱ्याच चाचण्यांचं दार त्याच्यासाठी नीट उघडणार नाही. आरपीई६५ या एका जनुकातल्या दोषावर २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली जनुकोपचाराची पद्धत आहे, आणि त्याला तोच दोष आहे की नाही हे तपासणीशिवाय कळणार नाही. दोष चयापचयाच्या जनुकातच निघणंही शक्य आहे. ग्लुकोज फोडण्याची पहिली पायरी सांभाळणाऱ्या एन्झाइमच्या किंवा तंतुकणिकांमधल्या एका एन्झाइमच्या जनुकातल्या दोषानेही हा आजार झालेली कुटुंबं सापडली आहेत. बाकी शरीर ठणठणीत आणि फक्त दृष्टिपटल आजारी, इतकं ते ऊर्जेच्या बाबतीत हळवं असतं.

डॉक्टरांना हेही विचारा की रेफ्सम आजार, अबीटालायपोप्रोटीनेमिया आणि ई जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आनुवंशिक प्रकार, ही तीन कारणं तपासली आहेत का. ती दुर्मीळ आहेत. पण त्यांत आहार किंवा जीवनसत्त्वं बदलून खरोखर फरक पडतो. तुम्हाला ताटातून काही करायचं असेल तर ते डॉक्टरांनी यांपैकी एखादं कारण सांगितल्यावरच.

वर्षातून एकदा तपासणी चुकवू नका. दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येणं आणि कमी वयात मोतीबिंदू होणं या दोन्ही गोष्टी या आजारात घडतात, आणि दोन्हींवर उपचार आहेत. 'आजारच आहे, नजर जाणारच' म्हणून लोक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात आणि वाचवता येणारी नजर घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं. आणि एक गोष्ट भावालाच वाचू द्या: सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा वगैरे) औषधं त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही घेऊ नयेत, कारण प्रकाश टिपण्याच्या साखळीतल्याच एका एन्झाइमवर त्यांचा थोडा परिणाम होतो.

आता तुमच्या आणि त्याच्या अबोल्याबद्दल. तो २४ वर्षांचा आहे. डोळे त्याचे आहेत, आणि या वर्षभरात त्यांच्याबद्दल सगळे बोलत असतील, त्याला विचारून मात्र फार कमी जण. तुम्ही पेला पुढे करता तेव्हा त्याला प्रेम दिसत असेलच, पण दिवसातून चार वेळा 'तू आजारी आहेस' ही आठवणही मिळत असेल. हे पत्र त्याच्या हातात द्या. तपासणीची वेळ त्याला घेऊ दे, प्रश्न त्याला विचारू दे, तुम्ही सोबत जा. घराबाहेर अंधारात हात हवा की नको, हेही तोच सांगेल. रात्री गाडी चालवत असेल तर तो विषय मात्र टाळू नका. त्याबद्दल नेत्रतज्ज्ञाकडून स्पष्ट उत्तर घ्या, आणि ते मानायला लावताना तो चिडला तरी चालेल.

वेंधळा म्हटल्याची तुमची खंत मी ओलांडून गेले नाही. ती त्याला बोलून दाखवा, एकदाच, थोडक्यात. "तुला दिसत नव्हतं आणि मी रागवायचे" एवढं पुरे. तेव्हा तुम्हालाही माहीत नव्हतं आणि त्यालाही नव्हतं. आपल्याला दिसतं त्याहून इतरांना अंधारात जास्त दिसतं, हे मुलाला कळायला काही मार्ग नसतो.

आज रात्री त्याच्या उशाचा दिवा काढा. तो काढून जिन्याजवळ लावा, आणि पायऱ्यांच्या कडांवर पांढरी पट्टी चिकटवा. रात्री पाण्यासाठी उठला तर तिथे त्याला उजेड लागेल.